मॅरेथॉन, हॉस्पिस आणि पाचशे पौंडांची खिडकी

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबईत मॅरेथॉन होते. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतात. पहिला आलेला धावपटू, फेटा बांधून धावणाऱ्या आजी, कसला तरी वेश घेऊन आलेला एखादा हौशी गडी. नीट पाहिलं तर बऱ्याच जणांच्या टी-शर्टवर एखाद्या संस्थेचं नाव दिसतं. ती नुसती जाहिरात नसते. तो माणूस त्या संस्थेसाठी पैसे गोळा करून धावत असतो. वर्गात हे सांगितलं की एक प्रश्न हमखास येतो, ‘सर, धावल्यावर पैसे कोण देतं? आणि का देतं?’

प्रश्न अगदी रास्त आहे. धावून विहीर खणली जात नाही की भिंत उभी राहत नाही. मग घाम गाळायचा एकाने, पैसे द्यायचे दुसऱ्याने आणि उपयोग व्हायचा तिसऱ्याला, हा व्यवहार चालतो तरी कसा? आज तो एका विशिष्ट कामाच्या आधाराने समजून घेऊ. ते काम म्हणजे हॉस्पिस. हेच काम निवडायचं कारण असं, की धावून मिळवलेल्या पैशांवर ज्यांचं बरंचसं अवलंबून असतं अशा संस्थांमध्ये हॉस्पिसचा नंबर खूप वरचा आहे.

आधी शब्द समजून घेऊ. ‘हॉस्पिस’ आणि ‘हॉस्पिटल’ हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळातून आले. त्या मुळाचा अर्थ पाहुणा आणि यजमान असा दोन्ही होतो. मध्ययुगात युरोपातल्या यात्रेकरूंना रात्री टेकायला जागा मिळायची, तिला हॉस्पिस म्हणत. आपल्याकडची धर्मशाळाच म्हणा ना! आज हॉस्पिस म्हणजे ज्यांचा आजार आता बरा होणार नाही, अशा रुग्णांची शेवटच्या काळातली काळजी. ती एखाद्या इमारतीत घेतली जाते, तशीच रुग्णाच्या घरी जाऊनही घेतली जाते. याला जोडून येणारा दुसरा शब्द ‘पॅलिएटिव्ह केअर’. ‘पॅलियम’ म्हणजे लॅटिनमध्ये अंगावर घ्यायचं वस्त्र. आजार काढून टाकता येत नसेल तर निदान त्याच्या त्रासावर पांघरूण घालायचं, असा त्यातला भाव आहे. पॅलिएटिव्ह केअर आजाराच्या सुरुवातीपासूनही देता येते. हॉस्पिस हा तिचाच शेवटचा टप्पा.

‘मरायला नेऊन ठेवायची जागा’ अशी हॉस्पिसची ओळख काही लोक करून देतात. ती चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे कळण्यासाठी आपल्याला लंडनला, १९४८ सालात जावं लागेल.

तिथल्या एका हॉस्पिटलात डेव्हिड तास्मा नावाचा पोलंडहून आलेला एक ज्यू निर्वासित कॅन्सरने मरणपंथाला लागला होता. वय चाळीसच्या आसपास. त्या देशात त्याचं जवळचं असं कुणी नव्हतं. त्याच्याशी बोलायला सिसिली सॉन्डर्स नावाची एक तरुणी येत असे. ती आधी नर्स होती. पाठीच्या दुखण्यामुळे नर्सिंग सोडून रुग्णांच्या घरच्या अडचणी पाहणारी समाजसेविका झाली होती. दोघांच्या गप्पा होत. मरणाऱ्या माणसाला काय लागतं, कुठली जागा त्याला बरी वाटेल, यावर ते बोलत. जाताना तास्माने तिच्यासाठी ५०० पौंड ठेवले. तुझ्या त्या घरातली एक खिडकी माझी असेल, अशा अर्थाचं तो बोलला होता. घर तर अजून कुठेच नव्हतं!

खिडकीचे पैसे आधी आले आणि तिच्याभोवती घर बांधायला १९ वर्षं लागली. मरणाऱ्यांच्या वेदनेवर काम करायचं तर डॉक्टरच व्हायला हवं, नाहीतर तुझं कुणी ऐकणार नाही, असा सल्ला सॉन्डर्स यांना एका सर्जनने दिला. त्यांनी तो मनावर घेतला. १९५७ मध्ये, चाळिशीला टेकलेल्या असताना, त्या डॉक्टर झाल्या. पुढे लंडनमधल्याच सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये काम करताना त्यांनी मॉर्फिन देण्याच्या पद्धतीकडे बारकाईने पाहिलं. तेव्हा बहुतेक ठिकाणी रीत अशी होती, की रुग्ण कळवळून मागेल तेव्हा मॉर्फिन द्यायचं. म्हणजे दुखणं परत यायचंच, मग वाट पाहायची, मग विनवणी करायची. सॉन्डर्स यांनी घड्याळ लावून, ठरलेल्या वेळी औषध देण्याचा आग्रह धरला. आधीचा डोस उतरण्यापूर्वीच पुढचा डोस. वेदना परत यायलाच वाव नाही. असं दिल्यावर रुग्ण गुंगीत पडून न राहता बोलू लागतात, जेवतात, घरच्यांना भेटतात, हे त्यांनी नोंदी ठेवून दाखवलं.

१९६७ मध्ये दक्षिण लंडनच्या सिडनॅम भागात सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झालं. आधुनिक हॉस्पिसची सुरुवात इथूनच मानतात. दोनच वर्षांनी तिथल्या नर्स रुग्णांच्या घरीही जाऊ लागल्या. शरीर दुखतं, मन दुखतं, माणसांतून तुटल्याचं दुखतं आणि ‘हे माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्नही दुखतो. या सगळ्याला मिळून सॉन्डर्स ‘संपूर्ण वेदना’ म्हणत. २००५ साली त्यांनी स्वतः याच हॉस्पिसमध्ये शेवटचा श्वास घेतला.

आता पैशाच्या दृष्टीने यातली एक गोष्ट लक्षात घ्या. ब्रिटनमध्ये १९४८ पासून सरकारी आरोग्य सेवा आहे. दवाखान्यात बिल भरावं लागत नाही. पण सेंट ख्रिस्तोफर्स त्या सरकारी यंत्रणेच्या बाहेर, धर्मादाय संस्था म्हणून उभं राहिलं. काम आपल्या पद्धतीने करायचं स्वातंत्र्य मिळालं, आणि त्याबरोबर पैसे उभे करायची जबाबदारीही आली. आजही तिथल्या प्रौढांच्या हॉस्पिसना सरासरी एक तृतीयांशच्या आसपास पैसा सरकारकडून मिळतो. बाकीचा लोकांकडून येतो. मृत्युपत्रात ठेवलेल्या रकमा, जुन्या कपड्यांची-पुस्तकांची दुकानं, केक विकणं, आणि धावणं.

लंडन मॅरेथॉन पहिल्यांदा झाली २९ मार्च १९८१ रोजी. क्रिस ब्रॅशर आणि जॉन डिस्ली या दोन माजी ऑलिंपिक धावपटूंनी ती सुरू केली. ब्रॅशर १९७९ मध्ये न्यूयॉर्कची मॅरेथॉन धावून आले होते आणि तिथल्या रस्त्यावरच्या गर्दीने भारावून गेले होते. पहिल्या वर्षी सहा हजारांवर लोकांनी शर्यत पूर्ण केली. पहिले दोघे, एक अमेरिकन आणि एक नॉर्वेजियन, हातात हात घालून एकदमच पोचले.

पुढे धावायला इच्छुक इतके वाढले की सोडत काढायची वेळ आली. तिथेच पैशाचं गणित जुळलं. १९९३ पासून संस्थांना काही जागा ठरावीक रक्कम भरून राखून ठेवता येऊ लागल्या. संस्था ती जागा एखाद्या धावपटूला देते आणि म्हणते, तुला सोडतीत नंबर लागायची वाट पाहायला नको. पण आमच्यासाठी किमान इतके पैसे गोळा कर. ही रक्कम साधारण दोन हजार पौंडांच्या घरात असते. धावपटू मग मित्रांना, नातेवाइकांना, ऑफिसातल्या लोकांना, शेजाऱ्यांना विचारत सुटतो. लोक लक्ष वेधायला काय काय करतात! लॉइड स्कॉट नावाचे गृहस्थ २००२ मध्ये पाणबुड्याचा जुना अवजड पोशाख चढवून हे अंतर चालले. पाच दिवसांहून जास्त लागले. त्यांनी ते कॅन्सर झालेल्या मुलांसाठी केलं. आजवर या एका शर्यतीतून वेगवेगळ्या कामांसाठी १ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली आहे.

मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. इथेही पद्धत जवळपास तशीच आहे. संस्था नोंदणी करतात, धावणारे आपापल्या संस्थेसाठी आवाहन करतात, कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांची टीम उतरवतात. घरी जाऊन पॅलिएटिव्ह सेवा देणाऱ्या संस्थाही यात असतात. या शर्यतीचा आणि हॉस्पिसचा एक भौगोलिक योग मला नेहमी जाणवतो. पूर्ण मॅरेथॉनचा मार्ग थोडाफार बदलत असतो, पण तो वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून जातो तेव्हा वांद्र्याच्या बाजूला डाव्या हाताला माउंट मेरीची टेकडी येते. तिथेच १९८६ साली ‘शांती अवेदना सदन’ सुरू झालं. भारतातलं हे पहिलं हॉस्पिस, टाटा हॉस्पिटलचे कॅन्सर सर्जन डॉ. लुई डिसूझा यांनी स्थापन केलेलं. रुग्णांकडून पैसे घेतले जात नाहीत. पुढे गोव्यात लोटली इथे आणि दिल्लीतही त्याच्या शाखा झाल्या. नाव पाहा किती नेमकं आहे: अवेदना, म्हणजे वेदना नसणं. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे. तिथेही सेवा मोफत मिळते आणि रुग्णाच्या नातेवाइकांना सोबत राहता येतं.

तर हा गोळा झालेला पैसा जातो कुठे? इथे जरा थांबू या, कारण देणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा महागडी मशीन आणि महागडी औषधं असतात. हॉस्पिसमध्ये तसं फारसं काही नसतं. मॉर्फिनची गोळी काही रुपयांची. ती मिळणं मात्र आपल्याकडे अवघड होतं, कारण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे ती ठेवायला अनेक परवाने लागत. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि वाट थोडी मोकळी झाली. म्हणजे औषध स्वस्त आहे. खर्च येतो तो माणसांवर. एक नर्स घरी जाते, जखमेचं ड्रेसिंग बदलते. कॅन्सरच्या जखमेला कधी कधी इतका वास येतो की घरातली माणसं जवळ बसेनाशी होतात. जखम नीट धुऊन, त्यावर योग्य औषध घातलं की वास कमी होतो आणि नातू पुन्हा आजोबांच्या खाटेवर येऊन बसतो. अंथरुणाला खिळलेल्याला दर दोनेक तासांनी कूस कशी बदलून द्यायची, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत, हे ती सुनेला शिकवते. कोरड्या तोंडाची काळजी कशी घ्यायची ते दाखवते. मॉर्फिन सुरू केलं की बद्धकोष्ठ होणारच, म्हणून सोबत जुलाबाचं औषध का द्यायचं ते समजावते. आणि निघताना दाराशी मुलगा हळूच विचारतो, ‘सिस्टर, अजून किती दिवस?’ त्याच्याशी बोलायला तिला वेळ लागतो. या वेळेचं बिल कुठल्याही हॉस्पिटलच्या छापील दरपत्रकात सापडणार नाही. नर्सचा पगार, गाडीचं पेट्रोल, कापूस, गॉज, डायपर, हवेची गादी. एवढाच मुख्यतः हिशोब.

दुसरी अडचण म्हणजे या कामाला ‘यश’ दाखवता येत नाही. डोळ्यांच्या हॉस्पिटलला इतके मोतीबिंदू काढले असं सांगता येतं. शाळा निकाल दाखवते. हॉस्पिसचा प्रत्येक रुग्ण जातो. बरा होऊन परत येऊन पेढे देणारा कुणी नसतो. त्यात मरणाचा विषय आपल्या घरांत निघाला की ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणून तोंड दाबतात. मग देणगी मागायची तरी कोणत्या तोंडाने? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी जगात ५ कोटी ६८ लाख लोकांना पॅलिएटिव्ह सेवेची गरज असते आणि त्यातल्या जेमतेम १४ टक्क्यांना ती मिळते.

मॅरेथॉन उपयोगी पडते ती इथे. ‘माझी आई गेली, तिच्या शेवटच्या दोन महिन्यांत ज्या लोकांनी तिला दुखू दिलं नाही, त्यांच्यासाठी मी धावतोय’ असं सांगायला एक निमित्त मिळतं. ऐकणाऱ्याला ते अशुभ वाटत नाही. उलट तोही आपल्या घरातली गोष्ट सांगू लागतो. हॉस्पिससाठी धावणाऱ्यांमध्ये अशी, जवळच्या माणसाचा शेवट पाहिलेली मंडळी खूप असतात.

बरं, पण मग पिकनिक का नाही? संगीतरजनी का नाही? क्रिस्तोफर ऑलिव्होला आणि एल्डार शफीर या दोन संशोधकांनी २०१३ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असं आढळलं, की देणगीसाठी कष्ट आणि त्रास सोसावा लागणार असेल तर लोक अधिक द्यायला तयार होतात, आणि ते काम माणसांच्या दुःखाशी जोडलेलं असेल तेव्हा हे विशेष दिसतं. आपल्याला हे नवं वाटू नये. पायी वारी करणाऱ्याच्या हातावर लोक ज्या मनाने काही ठेवतात, ते मन गाडीतून उतरणाऱ्यासाठी तसंच असेल का?

त्रास खरा असतो, हे गणितानेही पाहता येईल. मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसर किल्ल्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनापर्यंत जे अंतर भरलं, तेच पुढे १९२१ मध्ये कायम झालं. म्हणून हा विचित्र आकडा. धावताना साधारणपणे दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे १ किलोकॅलरी खर्च होते. ६० किलोच्या माणसाला ६० × ४२ म्हणजे सुमारे २,५०० किलोकॅलरी लागतील. स्नायू आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन मात्र ढोबळमानाने २,००० किलोकॅलरीच्या आसपासच पुरतं. त्यामुळे ३० ते ३५ किलोमीटरच्या दरम्यान साठा संपत येतो, शरीर चरबी जाळू लागतं, वेग पडतो, पाय शिशाचे होतात. धावणारे याला ‘भिंत’ म्हणतात. मुंबईत परतीच्या वाटेवर नेमका याच सुमारास पेडर रोडचा चढ येतो! म्हणून चार-पाच महिने आधीपासून हळूहळू अंतर वाढवत सराव करावा लागतो. सराव न करता ‘चांगल्या कामासाठी आहे ना’ म्हणून पूर्ण मॅरेथॉनला उभं राहणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

एक सूचना निबंध लिहिणाऱ्यांसाठी. या विषयावर लिहिताना ‘आयुष्य ही एक मॅरेथॉन आहे’ असं वाक्य टाकायचा मोह होईल. टाकू नका. धावणाऱ्याला किती किलोमीटर उरले ते पाटीवर दिसतं, आणि फारच झालं तर तो बाजूला बसू शकतो. खाटेवरच्या माणसाला या दोन्ही सोयी नसतात.

या सगळ्या प्रकाराची एक बाजू मला खटकते, तीही सांगायला हवी. शर्यत वर्षातून एकदा येते. नर्सचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. ज्या वर्षी धावणारे कमी, त्या वर्षी खाटा कमी करायच्या का? ब्रिटनमध्ये ही वेळ खरोखर आली. खर्च वाढले, देणग्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत आणि काही हॉस्पिसना खाटा बंद ठेवाव्या लागल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने इंग्लंडमधल्या हॉस्पिससाठी १० कोटी पौंड जाहीर केले, पण ते इमारती आणि साधनांसाठी. पगाराचा प्रश्न राहिलाच. माझं स्पष्ट मत आहे, की माणसाला शेवटी वेदना होऊ नयेत ही गोष्ट कुणाच्या तरी धावण्याच्या हौसेवर सोडून देण्यासारखी नाही.

केरळने यातून वेगळी वाट काढली. १९९३ मध्ये कोझिकोडला मेडिकल कॉलेजच्या आवारात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनामुक्तीचं काम सुरू केलं. त्यातून गावोगावी शेजाऱ्यांचे गट तयार झाले. शिक्षक, दुकानदार, रिक्षावाले, कॉलेजची मुलं. आठवड्यातले काही तास द्यायचे, आपल्या भागात अंथरुणाला खिळलेलं कोण आहे ते शोधायचं, नर्ससोबत जायचं. पैसाही असाच, घराघरातून दर महिन्याला थोडा थोडा. २००८ मध्ये राज्य सरकारने पॅलिएटिव्ह सेवेचं धोरणच जाहीर केलं आणि पंचायतींना त्यात आणलं. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपण पाठ करतो. त्यांनी तिचा जमाखर्च मांडला.

तुमच्या शाळेला किंवा गावाला असा उपक्रम करायचा असेल तर ४२ किलोमीटरच्या मागे लागायची काहीच गरज नाही. पाच किलोमीटर चालणं-धावणं पुरे. रस्त्यासाठी पोलीस ठाण्याची परवानगी, सोबत डॉक्टर, जागोजागी पाणी. समजा, ४० मुलांनी प्रत्येकी दहा घरांतून ५० रुपये आणले, तर २०,००० रुपये होतात. पैसे मागायला जाण्याआधी संस्थेची नर्स किंवा कार्यकर्ता शाळेत बोलवा, म्हणजे आपण कशासाठी मागतोय हे मुलांना नीट सांगता येईल. वर्गात एखाद्याच्या घरी आजारी माणूस असू शकतो, तेव्हा बोलताना भान ठेवा. रक्कम शक्यतो थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. देणगीदाराला पावती मिळालीच पाहिजे. संस्थेकडे ८०जी प्रमाणपत्र असेल तर जुन्या करप्रणालीत देणगीवर करसवलत मिळते, पण २,००० रुपयांहून मोठी देणगी रोखीने दिली तर ती मिळत नाही. नव्या करप्रणालीत ही सवलत नाही, हेही पावती देतानाच सांगून टाका.